काकु : शब्दांच्या पाठीमागचा आवाज

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय एक अवघ्या दोन अक्षरांचा शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'काकु'. हा शब्द कानी पडताच घरातील काकूची आठवण होऊन चेहऱ्यावर हसू येणे स्वाभाविक आहे. मराठी शुद्धलेखनाच्या नियमानुसार शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहावा लागतो. त्यामुळे कागदावर हे दोन्ही शब्द अगदी एकसारखे दिसू लागतात. असा घोटाळा टाळण्यासाठी येथे मूळ संस्कृतातील ऱ्हस्व रूपच योजिले आहे. चुलत्याच्या पत्नीशी या शब्दाचा कोणताही संबंध नाही. त्याचा संबंध आहे तो माणसाच्या आवाजाशी.

अमरसिंहाच्या 'अमरकोशा'त हा शब्द स्त्रीलिंगी सांगितला असून शोक, भय इत्यादी कारणांनी आवाजात जो पालट होतो ती काकु, असा त्याचा अर्थ दिला आहे. आवाजात पालट होतो, शब्दांत नव्हे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. शब्द तेच राहतात, त्यांचा क्रम तोच राहतो, व्याकरण तेच राहते. तरीही ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणारा अर्थ निराळा होतो. हे कार्य जी शक्ती करते, तिला आपल्या पूर्वसूरींनी एक स्वतंत्र नाव दिले. आज आपण 'सूर', 'हेल', 'बोलण्याची ढब' असे वेगवेगळे शब्द वापरतो. पण त्या सर्वांना एका सूत्रात ओवणारा शब्द मात्र नित्याच्या व्यवहारातून हरवला आहे.

एक साधे उदाहरण घेता येईल. 'तू येणार' हे दोन शब्द सरळ उच्चारले तर ते विधान होते. शेवटी आवाज किंचित वर नेला तर तोच प्रश्न होतो. दुसऱ्या शब्दावर जोर दिला तर ती आज्ञा होते. आणि 'तू' हा शब्द लांबवून, ओठ मुडपून उच्चारला तर 'तू कसला येतोस!' असा उपहास होतो. दोन शब्द, चार अर्थ. आणि ते चारही अर्थ कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाहीत. हाच काकुचा प्रांत होय.

शब्दाचे मूळ

या शब्दाचा उगम शोधू गेल्यास वाट थेट वेदांपर्यंत जाते. ऋग्वेदात 'काकुद' असा शब्द आला असून त्याचा अर्थ टाळू असा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या पतंजलींनी आपल्या 'महाभाष्या'च्या आरंभीच, व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना, वरुणाला उद्देशून असलेली ती ऋचा घेतली आहे. वरुणाच्या टाळूवरून वाहणाऱ्या सात नद्या म्हणजे व्याकरणातील सात विभक्ती, असा सुंदर अर्थ ते लावतात. त्याच ओघात ते 'काकु' म्हणजे जीभ, आणि ती जेथे उचलली जाते ते 'काकुद' म्हणजे टाळू, असे स्पष्टीकरण देतात. म्हणजे या शब्दाचे जुने घर माणसाच्या तोंडातच आहे.

पुढे काश्मीरमध्ये दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात अभिनवगुप्तांनी 'ध्वन्यालोका'वरील आपल्या 'लोचन' टीकेत या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती दिल्या. पहिली 'कक्' या धातूपासून. या धातूचा अर्थ लौल्य, म्हणजे हाव किंवा ओढ. काकुने उच्चारलेला शब्द आपल्या ठरलेल्या अर्थावर समाधान मानीत नाही, त्यापलीकडचे आणखी काही मागत राहतो, म्हणून ती काकु. दुसरी व्युत्पत्ती अधिक हळुवार आहे. 'कु' म्हणजे भूमी, आणि तिच्या आधीचा 'का' हा 'थोडेसे' या अर्थाचा. हृदयात दडलेली गोष्ट जिच्यावर किंचित प्रकट होते, अशी लहानशी भूमी म्हणजे काकु. मनातले सगळे उघडे पडत नाही. पण पाय ठेवण्यापुरती जागा मिळते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा अर्थ कोणी मानो वा न मानो, माणसाच्या आवाजाचे इतके नेमके वर्णन क्वचितच झाले असेल.

मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द म्हणजे 'काकुळती'. काकुळतीला येणे म्हणजे दीनवाणे होऊन विनवणे. संतवाङ्मयात हा शब्द आढळतो आणि आजही घरोघरी बोलला जातो. अमरकोशाने सांगितलेला शोकाने व भयाने बदललेला आवाज आणि काकुळतीला आलेल्या माणसाचा आवाज यांत अर्थाचे अंतर फारसे उरत नाही. काकु हा शब्द पोथीत राहिला असला, तरी तिचा अनुभव मराठी माणसाच्या तोंडी असा जिवंत आहे.

नाट्यशास्त्रापासून देवगिरीपर्यंत

काकुचा शिस्तशीर विचार प्रथम भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'त दिसतो. नटाने संवाद कसे म्हणावेत हे सांगताना भरतांनी काकुचे दोन प्रकार केले : साकांक्ष आणि निराकांक्ष. जे वाक्य संपल्यावरही अर्थाची अपेक्षा शिल्लक ठेवते ते साकांक्ष. ज्याचा अर्थ तेथेच पुरा होतो ते निराकांक्ष. आवाजाची तीन स्थाने त्यांनी सांगितली : उर, कंठ आणि शिर. दूरच्या माणसाला हाक मारायची तर आवाज मस्तकातून, थोड्या अंतरावरच्या माणसाशी कंठातून आणि अगदी शेजारच्याशी उरातून निघावा. उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित असे सहा अलंकारही त्यांनी दिले. भांडणात व रागात दीप्त, खिन्नतेत व आजारात मंद्र, घाईत व भीतीत द्रुत, अशी त्यांची योजना आहे. हे सारे रंगभूमीसाठी लिहिले गेले असले, तरी घरातील माजघर आणि दुकानाची गादी ही ठिकाणेही त्यातून सुटत नाहीत.

काकुचे एक प्रसिद्ध उदाहरण भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकातील आहे. केवळ पाच गावांच्या मोबदल्यात कौरवांशी तह करण्याचा युधिष्ठिराचा प्रस्ताव भीमाच्या कानी येतो. संतप्त भीम म्हणतो, की आपण शंभर कौरवांना रणात चिरडणार नाही, दुःशासनाच्या छातीचे रक्त पिणार नाही, दुर्योधनाच्या मांड्या फोडणार नाही. प्रत्येक वाक्यात नकार आहे. कागदावर केवळ शब्द वाचणाऱ्यास भीम शांत झाला असे वाटेल. पण रंगमंचावर भीमाचा आवाज ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळते, की तो हे सारे करणारच आहे. शब्द 'नाही' म्हणतो आणि आवाज 'होय' म्हणतो. अशा वेळी प्रेक्षक आवाजावर विश्वास ठेवतो.

या विचाराचा एक धागा महाराष्ट्रातही येऊन मिळतो. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या काळात, तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' हा महान ग्रंथ लिहिला. त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत येऊन स्थायिक झाले. वडील सोढलदेव हे श्रीकरणाधिपती, म्हणजे राज्याच्या दप्तराचे व हिशेबाचे प्रमुख होते. हिशेबनिसाच्या घरात वाढलेल्या या पुत्राने आवाजाचाही हिशेब तितक्याच काटेकोरपणे मांडला, हे व्यापारी समाजाला कौतुकाचे वाटावे. शार्ङ्गदेवांनी गायनातील काकुचे सहा प्रकार सांगितले : स्वरकाकु, रागकाकु, अन्यरागकाकु, देशकाकु, क्षेत्रकाकु आणि यंत्रकाकु. यांपैकी दोन सामान्य श्रोत्यासही सहज समजण्यासारखे आहेत. देशकाकु म्हणजे त्या त्या प्रदेशाची छटा. वऱ्हाडचा, कोल्हापूरचा आणि कोकणचा माणूस एकच वाक्य बोलला तरी तो कुठला हे डोळे मिटून सांगता येते, तसेच हे. क्षेत्रकाकुमधील 'क्षेत्र' म्हणजे शरीर. प्रत्येक देहाची घडण निराळी, म्हणून प्रत्येकाचा आवाज निराळा. दारावर टकटक झाली आणि 'कोण?' या प्रश्नाला 'मी' एवढेच उत्तर आले, तरी आई लेकराला ओळखते ती या क्षेत्रकाकुमुळेच.

याच ग्रंथात आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक असे चार प्रकारही आहेत. स्निग्ध आणि मधुर तो खाहुल, घन आणि गंभीर तो नाराट. एरंडाच्या पोकळ दांड्यासारखा, आकाराने मोठा पण आत गर नसलेला आवाज तो बोंबक. मिश्रकात या गुणांचे मिश्रण असते. सभासंमेलनांचा अनुभव असणाऱ्यांना बोंबकाची ओळख वेगळी करून द्यावी लागू नये.

अलंकार की उच्चाराचा धर्म?

काकुविषयी एक महत्त्वाचा वाद साहित्यशास्त्रात झाला आणि त्यात एका महान जैन आचार्यांनी भाग घेतला. नवव्या शतकातील रुद्रटांनी वक्रोक्ती हा शब्दालंकार मानून त्याचे श्लेष आणि काकु असे दोन भेद केले. म्हणजे काकु हा भाषेला घातलेला एक दागिना ठरला. सुमारे इ. स. 900 च्या काळात कनोजच्या दरबारी असलेल्या राजशेखरांनी यावर आक्षेप घेतला. आपल्या पणजोबांना 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून गौरविणारे हे राजशेखर 'काव्यमीमांसा' या ग्रंथात म्हणतात, की काकु हा पाठाचा, म्हणजे उच्चाराचा धर्म आहे. त्यामागे बोलणाऱ्याचा अभिप्राय असतो. त्याला अलंकार कसे म्हणावे? त्याच ग्रंथात त्यांनी निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांच्या काव्यपठणाची गमतीदार वर्णने केली आहेत. काश्मिरी कवींचे पठण म्हणजे कानात गुळवेलीच्या रसाची चूळ, आणि पांचालांचे पठण म्हणजे कानात ठिबकणारा मध, असे ते म्हणतात.

पुढे गुजरातेत आचार्य हेमचंद्रसूरींनी (1088-1172) हाच पक्ष उचलून धरला. सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाल या दोन राजांच्या काळात ज्यांनी व्याकरण, कोश, छंद, योग अशा अनेक शास्त्रांत ग्रंथरचना केली, त्या कलिकालसर्वज्ञांनी 'काव्यानुशासना'त स्पष्ट सांगितले, की काकुवक्रोक्तीला अलंकार म्हणू नये, कारण तो पाठधर्म आहे.

वरवर पाहता हा पंडितांचा शाब्दिक वाद वाटेल. परंतु त्यात व्यवहाराला उपयोगी पडणारे मोठे तत्त्व आहे. दागिना हा वरून घातलेला असतो. तो काढून ठेवता येतो आणि काढला तरी माणूस तोच राहतो. धर्म मात्र वस्तूपासून वेगळा होत नाही. अग्नीची उष्णता बाजूला काढून ठेवता येत नाही. काकु हा बोलण्याचा धर्म असेल, तर सूर नसलेले बोलणे संभवतच नाही. माणूस तोंड उघडतो तेव्हा शब्दांबरोबर त्याचा अभिप्रायही बाहेर पडतो. म्हणून 'मी वाईट असे काय बोललो?' हा नेहमीचा बचाव काकुच्या न्यायालयात टिकत नाही. शब्द निर्दोष होते हे मान्य. पण जो आवाज त्यांच्याबरोबर गेला, तोही बोलणाऱ्याचाच होता.

तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्द हा पुद्गलाचा पर्याय सांगितला आहे. नैयायिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले. जैन दर्शनाने त्याला मूर्त, आदळणारी वस्तू मानले. जी वस्तू आदळते ती इजा करू शकते. आवाजाने माणूस दुखावतो, ही या विचारात केवळ कविकल्पना राहत नाही.

खरे शब्द, खोटा आवाज

आवाज शब्दांना केवळ धार लावतो असे नाही. तो खऱ्या शब्दांना खोटेही करू शकतो. महाभारताच्या द्रोणपर्वातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. द्रोणाचार्यांनी युधिष्ठिराला विचारले, अश्वत्थामा खरोखर मारला गेला काय? युधिष्ठिराने अश्वत्थामा मारला गेल्याचे स्पष्ट सांगितले आणि तो हत्ती होता हे मात्र अस्फुट आवाजात उच्चारले. 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार त्यातूनच मराठीत रुळला. धर्मराजाचे शब्द तपासले तर त्यात असत्य एकही नाही. तरीही तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, असे व्यास सांगतात. व्यासांनी निवाडा शब्दांवरून केला नाही, आवाजावरून केला.

हा प्रसंग कुरुक्षेत्रावरच घडून संपला असे मानण्याचे कारण नाही. कापडाच्या पेढीवर तो दररोज घडू शकतो. ठाण उलगडताना पन्ह्याचे आणि पोताचे कौतुक खणखणीत आवाजात होते आणि 'धुतल्यावर थोडे आटेल' हे वाक्य गजाने माप घेता घेता, कात्रीच्या आवाजात मिसळून पुटपुटले जाते. नंतर गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले तर 'सांगितले होते' असे म्हणण्याची सोय राहते. सांगितले होते हे खरेच. पण ऐकू जावे अशा आवाजात सांगितले नव्हते. अकलंकदेवांनी 'राजवार्तिका'त भाषासमितीचा अर्थ हित, मित आणि असंदिग्ध बोलणे असा केला आहे. त्यातील 'असंदिग्ध' हा शब्द अशा पुटपुटण्यालाही लागू पडतो. मालातील गुण ज्या आवाजात सांगितला, त्याच आवाजात दोष सांगणे, ही व्यापाऱ्याच्या सत्य-अणुव्रताची सोपी आणि तितकीच कठीण कसोटी म्हणता येईल.

दुसरा प्रसंगही असाच नेहमीचा. साध्या वेषातील एखादी बाई भारी साडीकडे बोट दाखवते आणि गादीवरून उत्तर येते, 'ती महाग आहे.' तीन शब्द, तिन्ही खरे. एका आवाजात ती गिऱ्हाइकाच्या खिशाची काळजी असते, दुसऱ्या आवाजात त्याच्या गरिबीची जाहीर वाच्यता. ती बाई पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही, आणि का चढत नाही हे कोणत्याही वहीत नोंदले जात नाही. दशवैकालिक सूत्राच्या 'वाक्यशुद्धी' नावाच्या सातव्या अध्ययनात एकाक्षाला एकाक्ष किंवा चोराला चोर म्हणू नये, असे सांगितले आहे. खरे असले तरी दुसऱ्याला टोचणारे वचन त्याज्य, हा त्यामागील भाव. जेथे शब्द टोचत नाही आणि आवाज टोचतो, तेथेही हाच भाव लागू करावयास हवा.

घरात तर काकुचे राज्य अधिकच मोठे. 'जेवायला वाढू?' या प्रश्नात माया असू शकते आणि उपकारही. 'औषध घेतले का?' हा प्रश्न वृद्ध पित्याला धीर देऊ शकतो किंवा आपण ओझे झालो आहोत असे त्याला सुचवू शकतो. कानाने अधू झालेल्या वडीलधाऱ्यांशी मोठ्याने बोलावे लागते, हे खरे. परंतु मोठा आवाज आणि चढलेला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरतमुनींच्या भाषेत पहिला उच्च, दुसरा दीप्त. शब्द नीट ऐकू न येणाऱ्या वृद्धालाही हा फरक बरोबर ऐकू येतो.

क्षमेचा आवाज

आज मोबाईलवरून क्षणात शेकडो संदेश धाडता येतात. त्यांत शब्द असतात, काकु नसते. ती उणीव भरून काढण्यासाठी हसरे-रडवे चेहरे जोडले जातात, तरीही गैरसमज होतातच. साध्या विनोदाने दोन घरांत अबोला धरला जातो, कारण वाचणाऱ्याने त्या शब्दांना आपल्या मनातला आवाज दिलेला असतो.

संवत्सरीच्या दिवशी तर ही गोष्ट विशेष विचारात घ्यावी अशी आहे. 'मिच्छामि दुक्कडम्' किंवा 'उत्तम क्षमा' हे शब्द कोणी एकाने घडविलेले नाहीत. ते सर्वांसाठी सारखेच आहेत. लहानमोठा, श्रीमंत-गरीब, प्रत्येकाने तेच म्हणावयाचे. मग त्यात म्हणणाऱ्याचे स्वतःचे काय? त्याच्याजवळ घालण्यासारखी एकच वस्तू उरते, आणि ती म्हणजे त्याचा आवाज. हृदयातील गोष्ट किंचित प्रकट करणारी ती लहानशी भूमी. छापील कार्डावर आणि एकाच वेळी सर्वांना पाठविलेल्या संदेशावर ती भूमी नसते. ज्यांच्याशी वर्षभरात काही बिनसले नाही त्यांना कार्ड पुरेसे आहे. पण ज्या एका भावाशी वाटणीवरून, ज्या एका भागीदाराशी हिशेबावरून बोलणे तुटले आहे, त्याला तरी कार्डाऐवजी आवाज पोहोचावा. त्याच्या दारी जाऊन, आणि ते शक्य नसेल तर निदान दूरध्वनीवरून, तेच दोन शब्द आपल्या तोंडाने म्हटले जावेत. म्हणताना आवाज थोडा अडखळला तरी हरकत नाही. अमरकोशाने त्या अडखळण्यालाच काकु म्हटले आहे, आणि समोरचा माणूस नेमके तेच ऐकण्यासाठी थांबलेला असतो.

जय जिनेंद्र.